मोठ्या पंगतीतलं शेवटचं पान

वाचकाचं पत्र, थोडक्यात: अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागात राहणाऱ्या एका मराठी आईचं हे पत्र आहे. ओळख पटेल असे तपशील काढले आहेत. मुलगी हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि नऊ वर्षांची असल्यापासून टेनिस खेळते. तिच्यापुढे तीन कॉलेजं आहेत. पहिलं बिग टेन या नामांकित कॉन्फरन्समधलं, पण त्याचा मुलींचा टेनिस संघ तिथे तळाशी असतो. संघात जागा मिळते आहे, शिष्यवृत्ती नाही. दुसरं एका लहान कॉन्फरन्समधलं, जिचं नाव नातेवाइकांत कुणी ऐकलेलं नाही. तिथे जवळजवळ पूर्ण शिष्यवृत्ती आहे आणि पहिल्या-दुसऱ्या क्रमांकावर खेळवू असं प्रशिक्षक म्हणतात. तिसरं डिव्हिजन तीनमधलं, म्हणजे कॉलेज-खेळांच्या तिसऱ्या पातळीवरचं, पण अभ्यासात फार वरचं. तिथे खेळासाठी पैसे दिलेच जात नाहीत, घरच्या उत्पन्नाकडे पाहून थोडी मदत मिळेल. वडील मूळचे नागपूरचे. त्यांचं म्हणणं, "बिग टेनमध्ये शेवटचं आलं तरी ते बिग टेन आहे. लहान ठिकाणी पहिली येऊन काय मिळवायचं? वासरांत लंगडी गाय शहाणी." आईला वाटतं, चार वर्षं हरत राहिली तर मुलगी खचून जाईल. दोन महिने घरात हाच विषय चालू आहे. मुलगी फक्त म्हणते, "मला खेळायचंय," आणि खोलीत निघून जाते. आईचा प्रश्न असा: कॉन्फरन्सच्या नावाला खरंच एवढी किंमत असते का?

तुमच्या पत्रात तुमच्या यजमानांचं म्हणणं पाऊण पान आहे, तुमचं पाऊण पान आहे आणि मुलीचं एक वाक्य आहे. ते वाक्य मी वेगळं लिहून ठेवलं आहे, त्याकडे नंतर येते. आधी नावाच्या किमतीबद्दल बोलू, कारण तुमच्या घरातला वाद तिथे अडला आहे.

कॉन्फरन्स म्हणजे एकमेकांशी नियमित खेळायचं ठरवलेल्या कॉलेजांचा गट. बिग टेन १८९६ साली सुरू झाली तेव्हा त्यात मध्यपश्चिमेतली सात विद्यापीठं होती. आज अठरा आहेत. न्यू जर्सीचं रटगर्स आणि लॉस एंजेलिसचं यूसीएलए एकाच कॉन्फरन्समध्ये खेळतात, मध्ये सुमारे चार हजार किलोमीटरचं अंतर. हा पसारा टेनिससाठी वाढलेला नाही. तो वाढला फुटबॉलसाठी (अमेरिकन फुटबॉल, आपला सॉकर नव्हे), आणि फुटबॉल दाखवणाऱ्या टीव्हीच्या करारांसाठी. २०२२ मध्ये बिग टेनने केलेला सात वर्षांचा करार सात अब्ज डॉलरहून मोठा होता. एखादं कॉलेज "मोठं" की "लहान", हे लोकांच्या तोंडी बसलं ते या हिशोबातून. गणपतीत मंडळाच्या कार्यक्रमाला कुणी तुम्हाला विचारलं, "लेक कुठे जाणार?" आणि तुम्ही बिग टेनमधल्या कॉलेजचं नाव घेतलंत की समोरचा लगेच मान डोलावतो, ती मान शनिवारी टीव्हीवर पाहिलेल्या फुटबॉलसाठी डोलते. तुमच्या मुलीचा खेळ त्या टीव्हीवर क्वचितच दिसतो.

म्हणून तुमच्या यजमानांच्या विधानातला एक शब्द मी आधी तपासून पाहीन. "शेवटचं" म्हणजे कशात शेवटचं? नॉर्थवेस्टर्न विद्यापीठ बिग टेनच्या मूळ सातांपैकी एक. १९७९ ते १९८२ या काळात त्यांचा फुटबॉल संघ सलग ३४ सामने हरला. त्याच विद्यापीठाच्या मुलींनी लॅक्रॉस या जाळीच्या काठीने खेळायच्या चेंडूच्या खेळात पुढे आठ राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली, आणि त्यांतली पहिली सात मिळाली तेव्हा बिग टेनमध्ये मुलींचं लॅक्रॉस नव्हतंच. त्या वेगळ्या, अनोळखी कॉन्फरन्समध्ये खेळत होत्या. दक्षिणेतल्या एसईसी या दुसऱ्या बड्या कॉन्फरन्समध्ये व्हँडरबिल्ट विद्यापीठ १९३२ पासून आहे. फुटबॉलमध्ये वर्षानुवर्षं तळाशी असायचं, पण २०१४ आणि २०१९ मध्ये बेसबॉलचं राष्ट्रीय विजेतेपद त्यांचं. आता उलट बाजू. २०२१ मध्ये मुलींच्या टेनिसच्या राष्ट्रीय अंतिम सामन्यात टेक्सस विद्यापीठासमोर पेपरडाइन विद्यापीठ होतं, वेस्ट कोस्ट नावाच्या लहान कॉन्फरन्समधलं. ते ४-३ असं हरले, म्हणजे फक्त एका गुणाने. त्याच वर्षी टोकियोत ब्राझीलला टेनिसमधलं पहिलं ऑलिंपिक पदक मिळवून देणाऱ्या जोडीतली लुईझा स्तेफानी पेपरडाइनमध्येच खेळलेली. तिला कुणी वासरांतली लंगडी गाय म्हटलं असेल असं मला वाटत नाही.

याचा अर्थ तुमच्यासमोरचं लहान कॉलेज पेपरडाइन आहे असा नाही. बहुतेक लहान कॉलेजं तशी नसतात. मी एवढंच म्हणते आहे की पाटी बघून खेळाची पातळी कळत नाही, ती संघ बघून कळते, आणि आज ते बघणं अवघड नाही. तिन्ही संघांतल्या पहिल्या सहा मुलींचं यूटीआर रेटिंग (टेनिस खेळाडूची पातळी सांगणारा आकडा) काढा आणि त्याशेजारी तुमच्या मुलीचं ठेवा. शक्यता आहे की बिग टेनच्या तळातला संघ तुमच्या लहान कॉन्फरन्सच्या पहिल्या संघाहून पुष्कळ चांगला निघेल. तसं असेल तर यजमानांच्या बाजूने तो खरा मुद्दा आहे, आणि तो तुम्ही मोकळेपणी मान्य करावा. रोजचा सराव कुणाबरोबर होतो याने खेळाडू घडतो.

तुमचे यजमान नागपूरचे आहेत, तर त्यांना एक आठवण द्या. रणजीत विदर्भाला कोण मोजत होतं? मुंबई म्हणजे रणजी, बाकीचे भरतीला, अशीच समजूत होती. मग २०१७-१८ मध्ये विदर्भाने विजेतेपद घेतलं, पुढच्या वर्षी परत घेतलं आणि २०२४-२५ मध्ये तिसऱ्यांदा. मुंबईचे चंद्रकांत पंडित पहिल्या दोन वेळी तिथे प्रशिक्षक होते, मुंबईचा वसीम जाफर चाळिशीच्या उंबरठ्यावर तिथे खेळत होता. मुंबईहून नागपूरला जाताना ते खाली उतरले असं त्या दिवशी त्यांना वाटलं नसणार. विदर्भाने आपलं घर आधी नीट केलं, नाव मागाहून आलं. हे त्यांना माझ्याकडून नको, तुमच्याकडूनच ऐकू द्या, आणि वादात गुण मिळवायला म्हणून सांगू नका.

आता एक जुनी गोष्ट, थोडी सविस्तर सांगते, कारण तुमच्या तिसऱ्या पर्यायाबद्दल पत्रात दोनच ओळी आहेत आणि तो पर्याय दोघांनीही न बोलता बाजूला सारलेला दिसतो.

शिकागो विद्यापीठ हेही बिग टेनच्या मूळ सातांपैकी. एकेकाळी फुटबॉलमधलं दादा नाव. कॉलेज फुटबॉलचा जो सर्वांत मानाचा पुरस्कार, हाइझमन, तो १९३५ साली पहिल्यांदा दिला गेला आणि शिकागोच्या जे बर्वांगरला मिळाला. पण तोवर बाकीची विद्यापीठं खेळासाठी वेगळ्या वाटेने निघाली होती, आणि शिकागोला त्या वाटेने जायचं नव्हतं. १९३९ च्या हंगामात मिशिगनने त्यांना ८५-० असं हरवलं, ओहायो स्टेटने ६१-०, हार्वर्डने ६१-०. मोठ्या पंगतीतलं शेवटचं पान म्हणजे काय, ते या आकड्यांत दिसतं. अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स यांनी त्या वर्षअखेर फुटबॉल बंद केला. १९४६ मध्ये विद्यापीठ बिग टेनमधूनच बाहेर पडलं. माजी विद्यार्थ्यांना किती लागलं असेल याची कल्पना करा. ओस पडलेल्या स्टॅग फील्डच्या प्रेक्षागॅलरीखाली रॅकेट्स या खेळाचं एक कोर्ट होतं. तिथे २ डिसेंबर १९४२ रोजी भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मी आणि सहकाऱ्यांनी जगातली पहिली नियंत्रित आण्विक साखळी प्रक्रिया घडवली. आज शिकागोला कुणी "बिग टेनमधून गळालेलं" म्हणून ओळखत नाही. ते डिव्हिजन तीनमध्ये, आपल्यासारख्याच विद्यापीठांच्या कॉन्फरन्समध्ये खेळतं, आणि २०२२ मध्ये त्यांच्या मुलग्यांनी टेनिसचं डिव्हिजन तीनचं विजेतेपद मिळवलं.

मला या गोष्टीतलं काय भावतं ते सांगते. शिकागोने स्वतःला विचारलं की आपण कशासाठी आहोत, आणि उत्तर मिळाल्यावर त्याप्रमाणे वागण्याची किंमत मोजली. नॉर्थवेस्टर्ननेही तोच प्रश्न स्वतःला विचारला असणार, आणि हरत असूनही राहायचं ठरवलं. १९९५ मध्ये त्यांनी बिग टेन जिंकलीदेखील. दोन्ही निर्णय मला आदरणीय वाटतात. ज्या कॉलेजाला आपण त्या पंगतीत का बसलो आहोत हे माहीत नाही, जे फक्त टीव्हीच्या पैशाचा वाटा मिळतो म्हणून तिथे आहे आणि टेनिस संघाला नुसतं चालू ठेवतं आहे, त्याची मला तुमच्या मुलीसाठी काळजी वाटते. तुमच्यासमोरचं बिग टेनचं कॉलेज यांतलं कोणतं, हे पत्रावरून कळत नाही. पण ते शोधता येतं.

प्रशिक्षकांना भेटाल तेव्हा एक प्रश्न नक्की विचारा: "तुमच्या दृष्टीने यंदाचा चांगला हंगाम म्हणजे काय?" तळाच्या संघाचा चांगला प्रशिक्षक या प्रश्नाला ठाशीव उत्तर देतो. अमुक दोन संघांना हरवायचं आहे, दुहेरीचा गुण सातत्याने घ्यायचा आहे, दुसऱ्या वर्षाच्या मुलींना एकेरीत आणायचं आहे. उत्तर नुसतं "बिग टेनचा अनुभव मिळतो" असं आलं तर समजा की तिथे हरण्याला काही नाव दिलेलं नाही, आणि नाव न दिलेलं हरणं खरंच माणसाला पोखरतं. हाच प्रश्न लहान कॉलेजच्या प्रशिक्षकांनाही विचारा. पहिल्या क्रमांकावर खेळवू असं आज म्हणणारे पुढच्या वर्षी तीन परदेशी मुली आणणार आहेत का, हेही विचारा. कॉलेज टेनिसमध्ये परदेशी खेळाडू खूप असतात आणि त्यात वावगं काही नाही, पण "पहिली" हा शब्द चार वर्षं टिकेल असं धरून चालू नका.

इथे तुमच्या गृहीतकालाही हात लावते, रागावू नका. हरल्याने ती खचेल असं तुम्ही लिहिलंत. नऊ वर्षांची असल्यापासून टेनिस खेळणारी मुलगी हरणं तुमच्या-माझ्याहून चांगलं ओळखते. त्या खेळात एक सोडून सगळ्या मुली प्रत्येक स्पर्धेत हरूनच घरी येतात. तिला खचवेल ते न खेळणं. डिव्हिजन एकच्या, म्हणजे सर्वांत वरच्या पातळीच्या, संघ-सामन्यात सात गुण असतात: दुहेरीच्या तीन लढती मिळून एक गुण, एकेरीच्या सहा लढतींचे सहा. म्हणजे एकेरी खेळतात सहा मुली. संघात नऊ किंवा दहा असतात. सातवी, आठवी, नववी मुलगी तेवढाच सराव करते, तेवढीच पहाटे उठते, तेवढाच प्रवास करते (कधी तर तिला प्रवासालाही नेत नाहीत) आणि बाकावरून टाळ्या वाजवते. काहींना तेही आवडतं. संघाचा भाग असणं त्यांना पुरतं. काहींना ते दुसऱ्याच महिन्यात असह्य होतं. बिग टेनच्या प्रशिक्षकांनी "जागा" म्हटलं आहे. ती पहिल्या सहांतली की संघातली, हे पत्रात नाही. मला वाटतं तुम्ही विचारलंच नसेल, कारण उत्तराची भीती होती. विचारा.

आणि "मला खेळायचंय" हे वाक्य इथे बसतं. तुम्ही दोघांनी ते आपापल्या बाजूचं समजलात. त्यांना ऐकू आलं की तिला मोठ्या ठिकाणी खेळायचंय. तुम्हाला ऐकू आलं की तिला जिंकायचंय. तिने यांतलं काहीच म्हटलेलं नाही. कदाचित तिला म्हणायचं असेल की मला सामन्यात उतरायचंय. कदाचित असंही की तुम्ही दोघं बोलताय, मला कोर्टवर जाऊ द्या. तिला एकटीला फिरायला न्या, गाडीत बसवून न्या. समोरासमोर बसून विचारलेल्या प्रश्नाला सतराव्या वर्षी कुणी खरं उत्तर देत नाही. आणि विचाराल तेव्हा कॉलेजांची नावं घेऊ नका. "बाकावर बसून चांगल्या संघात असणं चालेल का?" असं विचारा. "गुडघा दुखावला आणि टेनिस सुटलं, तर या तिघांपैकी कुठे राहावंसं वाटेल?" हेही विचारा. दुसरा प्रश्न कठोर वाटेल, पण बहुतेकींचं टेनिस कॉलेजनंतर सुटतंच, आणि पदवी मात्र जन्मभर जवळ राहते.

आता पैशाचं. शिष्यवृत्तीच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नका. ती एका वर्षाची आहे की चार, दुखापत झाली तर चालू राहते का, प्रशिक्षक बदलले तर काय, हे आर्थिक मदतीच्या करारात लिहून घ्या. वर्षा-वर्षाने नूतनीकरण होणाऱ्या शिष्यवृत्त्या पुष्कळ असतात. डिव्हिजन तीनच्या कॉलेजला उत्पन्नाची कागदपत्रं देऊन मदतीचा पुनर्विचार मागता येतो. आपल्याकडची माणसं हे मागायला लाजतात, लाजू नये. आणि तिन्हींचा चार वर्षांचा खर्च एका कागदावर मांडा. बिग टेनच्या नावासाठी तुम्ही दर वर्षी किती जास्त देणार आहात तो आकडा यजमानांच्या समोर असू द्या. तो बघूनही ते म्हणाले की मला परवडतं आणि मला द्यायचंय, तर तेही प्रामाणिक उत्तर आहे.

नाव टिकतं या समजुतीबद्दलही थोडं सांगायला हवं. पॅसिफिक किनाऱ्यावरची पॅक-१२ ही १९१५ पासूनची परंपरा सांगणारी कॉन्फरन्स. २०२४ मध्ये तिच्यातली दहा विद्यापीठं एकदम निघून गेली आणि ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट ही दोनच मागे राहिली. त्यांच्या खेळाडूंनी, प्राध्यापकांनी काहीच चुकीचं केलं नव्हतं. स्टॅनफर्ड आणि बर्कली गेले ते अटलांटिक किनाऱ्याच्या कॉन्फरन्समध्ये, त्यामुळे तिथल्या टेनिसच्या मुलींनाही आता देश ओलांडून सामने खेळावे लागतात. आणि बड्या कॉन्फरन्समध्ये असल्याने लहान खेळाला संरक्षण मिळतं असंही नाही: २०२० मध्ये आयोवा आणि मिनेसोटा या बिग टेनच्याच दोन विद्यापीठांनी मुलग्यांचं टेनिस बंद केलं. शिक्षणसंस्थांत स्त्री-पुरुष भेदभावाला बंदी करणाऱ्या १९७२ च्या टायटल नाइन कायद्यामुळे मुलींचे खेळ बंद करणं कॉलेजांना तेवढं सोपं जात नाही, पण २०२५ पासून कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली आहेत आणि त्यातला मोठा वाटा फुटबॉल-बास्केटबॉलकडे जातो. टेनिसचा खर्च पुढची चार वर्षं कसा चालेल हा प्रश्न खेळ विभागाला विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

यजमानांविषयी एक सांगू का? मला त्यांच्या हट्टात दिखावा कमी आणि भीती जास्त दिसते. परक्या देशात येऊन पंचवीस-तीस वर्षं काढलेल्या माणसाला माहीत असतं की दार उघडतं ते ओळखीच्या नावाला. त्यांना स्वतःला किती ठिकाणी आपल्या कॉलेजचं नाव दोनदा उच्चारून, ते कुठे आहे हे समजावून सांगावं लागलं असेल. लेकीला ते करावं लागू नये, एवढंच त्यांना हवं असेल. त्या भीतीशी बोला. कॉन्फरन्सच्या नावाशी भांडू नका. आणि नोकरी देणारा माणूस कॉन्फरन्स विचारत नाही, विद्यापीठ आणि विषय विचारतो, हेही त्यांना शांतपणे सांगता येईल. तुमच्या तीन कॉलेजांपैकी त्या कसोटीवर सर्वांत वर बहुधा तिसरंच आहे.

माझा कल विचाराल तर तो लपवत नाही. पहिल्या सहांत जागा मिळण्याची खरी शक्यता नसेल तर बिग टेनसाठी पूर्ण फी भरू नये असं मला वाटतं. शक्यता असेल आणि प्रशिक्षक सरळ बोलणारे असतील, तर शेवटच्या पानावर बसायलाही हरकत नाही, वाढणारे हात चांगले आहेत का तेवढं बघावं. उरलेल्या दोघांत निवड मुलीचीच, अभ्यासाचा विषय आणि पैशाचा कागद समोर ठेवून.

फेब्रुवारी ते एप्रिल हा संघ-सामन्यांचा हंगाम असतो, म्हणजे आत्ताच. निर्णय कळवायच्या तारखेआधी तिघं मिळून प्रत्येक कॉलेजचा घरच्या मैदानावरचा एकेक सामना बघून या. तिथे गेल्यावर गुणफलक बघू नका. सातव्या मुलीकडे बघा: ती कुठे उभी आहे, कोण तिच्याशी बोलतंय, हरलेल्या मैत्रिणीला पाणी द्यायला ती आपणहून उठते का. परतीच्या वाटेवर गाडीत आधी मुलीला बोलू द्या, आणि ती बोलली नाही तर घर येईपर्यंत तुम्हीही थांबा.